उंबऱ्याबाहेरचं डोकं

पेटी उभी केली तर लिफ्टच्या छताला लागत होती आणि तिरकी केली तर दार बंद होत नव्हतं. दोन्ही प्रकार पुन्हा पुन्हा करून झाल्यावर इमारतीचा रखवालदार उस्मान कमरेवर हात ठेवून म्हणाला, "यल्ला, सीढ़ी से."

मग कुवेतच्या मंगफमधल्या त्या इमारतीच्या जिन्यातून मिरवणूकच निघाली. पेटीच्या खालच्या टोकाला उस्मान आणि तळमजल्यावरचे दोघे मल्याळी, वरच्या टोकाला जयदीप आणि दुसऱ्या मजल्यावरचा मुस्तफा. पुढे वाट मोकळी करणारी पोरं, त्यांना ओरडणाऱ्या त्यांच्या आया, आणि या सगळ्यांच्या पुढे हातात स्क्रूड्रायव्हर घेतलेली जयदीपची चौदा वर्षांची ज्ञानदा. गुरुवारची संध्याकाळ होती, उद्या सुट्टी. कुणालाच घाई नव्हती आणि सगळेच घाईत होते.

"जयदीपभाय, आत नक्की डोकंच आहे ना?" मुस्तफानं धापा टाकत विचारलं. "वजन बघता अख्खं जनावर पाठवलंन वाटतं."

"तू नीट धर रे. शिंगं आहेत आत. छपन्न इंच."

"हे तू जुलैपासून सांगतोयस. आमची बिल्कीस म्हणते, एवढी उंची तर माझीपण नाही."

ते खरंच होतं. जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यापासून जयदीपनं छपन्न इंच हा आकडा रिफायनरीत, क्रिकेटच्या मैदानावर, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, सगळीकडे सांगितला होता. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण, नराच्या शिंगांना दोन-अडीच पीळ असतात, हे आता मंगफमधल्या बऱ्याच मराठी घरांना पाठ झालं होतं. डोकं तिकडेच पेंढा भरून तयार व्हायला सहा महिने गेले. वाय-टू-केची रात्र जयदीपनं प्लँटमध्ये जागून काढली होती आणि काहीही झालं नव्हतं. दोन हजार साल त्याच्यापुरतं आज सुरू होत होतं. हॉलमध्ये सोफ्याच्या वरची भिंत त्यानं रिकामी करून ठेवली होती. भिंतीत चार मोठे बोल्टसुद्धा बसवले होते.

तिसऱ्या मजल्यावर पेटी टेकली, तेव्हा दारात त्याची आई उभी होती. सरोजिनीबाई आणि विजयकुमार चिपळूणहून येऊन दहा दिवस झाले होते.

"काय आणलंस एवढं?"

"आई, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं." जयदीपनं कपाळावरचा घाम पुसला. तो इतका खुशीत होता की त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "मी मारलेल्या कुडूचं डोकं आहे. आजोबांच्या पडवीत सांबराची शिंगं होती ना, तसं. आता आपल्याही घरात."

सरोजिनीबाईंचे डोळे चमकले. "डोकं आलं? मग वाटे सगळे पोचले म्हणायचे."

"कसले वाटे?"

"मांसाचे रे. कुणाकुणाला दिलेस?"

जयदीप हसला. "आई, ते तसं नसतं. आपण शिकार करायची, फोटो काढायचा, डोकं आपलं. मांस फार्मवाल्यांचं."

"त्यांनी कुणाला वाटलं?"

"ते मला काय माहीत?"

सरोजिनीबाईंनी दाराच्या चौकटीवर हात आडवा ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. दूध उतू जाताना गॅस बंद करावा, तितक्या सहज त्यांनी ते केलं. "मग खाली ठेव. वाटे पोचल्याशिवाय डोकं उंबऱ्याच्या आत येत नाही."

उस्मानला मराठी येत नव्हतं, पण आडवा हात त्याला कळला. त्यानं पेटी सोडली आणि तिच्यावरच बसला.

*

स्वयंपाकघरात शलाका बिर्याणीच्या भांड्याला कणकेनं कडा लावत होती. ती स्वतः पुण्याच्या माळकरी घरातली, अंडंही खात नसे. पण मटण असं शिजवायची की मुस्तफाची बिल्कीस तिच्याकडून मसाल्याचं प्रमाण विचारून घ्यायची. जिन्यातले आवाज ऐकून ती बाहेर आली. सासूबाईंचा आडवा हात तिनं पाहिला आणि गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

रात्री आठ वाजता यूसुफसाहेब येणार होते. ते रिफायनरीतले जयदीपचे वरिष्ठ, कुवेती, साठीच्या आसपासचे. जुलैत त्यांनीच जयदीपला सोबत नेलं होतं. ज्ञानदा शूटिंग क्लबमध्ये एअर रायफल चालवते आणि मुलांना हरवते, हे त्यांना कळल्यापासून ते एकच म्हणत होते, या जूनमध्ये पोरीला घेऊन चल. तिकडच्या शिकारीच्या फार्मचं बुकिंग ते शनिवारी करणार होते. आज त्यांना ज्ञानदाचं उत्तर हवं होतं.

बापानं हो म्हटलं होतं. आईनं नाही म्हटलं होतं. ज्ञानदानं काहीच म्हटलं नव्हतं. तेव्हा शलाकानंच अट घातली होती, "डोकं येऊ दे. ते नीट बघ. डोळ्यात बघ त्याच्या. मग तुझं तू ठरव, मी आड येणार नाही." आपण हे बोललो याचा तिला रोज पश्चात्ताप होत होता. चौदा वर्षांची पोर, बापाची लाडकी. डोकं बघून ती टाळ्याच वाजवेल.

पण आता सासूबाईच आपल्या बाजूला होत्या.

"बरं केलंत आई," ती हळूच म्हणाली. "मी म्हणत होतेच, मुक्या जनावराला मारून भिंतीवर लावायचं म्हणजे..."

"मारलंन त्याला माझं काही नाही गो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझ्या वडलांनी, तात्यांनी, काय कमी मारली? माझं म्हणणं वाट्यांचं आहे."

शलाकाचा हात कणकेसकट तसाच राहिला.

*

"आपण बाहेरच उघडू या ना," ज्ञानदा म्हणाली. "आजी, बाहेर उघडलेलं चालतं?"

"बाहेर काय, रस्त्यात उघड."

एवढं म्हणायचा अवकाश, जिन्यातली पोरं पेटीभोवती सरकली. चौथ्या मजल्यावरचं आंध्राचं कुटुंब कठड्यावरून खाली वाकलं. ज्ञानदा गुडघ्यांवर बसून एकेक स्क्रू काढू लागली. काढलेला प्रत्येक स्क्रू ती आजोबांच्या तळहातावर ठेवत होती. विजयकुमार पायरीवर बसले होते. चिपळूणच्या शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं होतं आणि समोर मुलं बसली की त्यांना गप्प राहवत नसे.

"कुडू गवत खातो की पाला?" त्यांनी विचारलं.

"पाला," ज्ञानदा म्हणाली. "जिराफासारखा. उंच मान."

"शिंगं कुणाला?"

"फक्त मेलला."

"मग आता विचार कर. तुझ्या बाबानं म्हातारा नर मारला. यूसुफसाहेबांनी काय मारलं?"

"फीमेल. बिनशिंगाची. बाबा म्हणाले, कॅम्पमधले सगळे हसले त्यांना. एवढ्या लांब जाऊन बिनशिंगाची मारली म्हणून."

"कळपाचं जास्त नुकसान कुणी केलं?"

ज्ञानदाचा स्क्रूड्रायव्हर थांबला. असं कुणी विचारलं की तिला फार आवडायचं. "यूसुफ अंकलनी. फीमेलला पिल्लं झाली असती. म्हाताऱ्या नराला नाही. त्याला तर दुसऱ्या नरांनी हाकलूनच दिलं असेल."

"ऐक, ऐक," जयदीप उत्साहानं म्हणाला. "बाबा, हेच मी सांगत होतो. कळपाला त्याची गरज उरली नव्हती. आणि आम्ही जे पैसे भरतो त्यावर ते रान टिकतं. नाहीतर तो शेतकरी झाडं तोडून गुरं पाळेल. मग कुडूच नाहीत, ना नर ना मादी."

"हे खरंय," विजयकुमार म्हणाले.

शलाका दारातून म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा?" सासऱ्यांचा तिला भरवसा होता.

"मी कुणाच्या बाजूला नाही गं. बरोबर उत्तर आलं तर चूक कसं म्हणू? पण ज्ञानदा, अर्धंच झालं. माद्या फार वाढल्या तर पाल्याचं काय होईल?"

"संपेल. मग सगळेच उपाशी." ती क्षणभर विचारात पडली. "मग यूसुफ अंकल बरोबर. आबा, दोघेही बरोबर कसे?"

"ते रानाच्या हिशेबानं. रानाला दोन्ही चालतं. आता माणसाच्या हिशेबानं बघ."

"त्या हिशेबानं मी सांगते," शलाका पुढे आली. "यूसुफसाहेबांनी खाण्यासाठी मारलं, म्हणून ते चांगले, असंच ना? पण त्यांच्या घरी फ्रीजर भरलेला आहे. आपलाही आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या बकाल्यात कोंबडी मिळते. भूक नसताना खाण्यासाठी मारलं काय आणि भिंतीसाठी मारलं काय, मरणाऱ्याला काय फरक?"

मुस्तफानं डोकं खाजवलं. "वहिनी, तुमचं खरं आहे. पण आमचे मौलवी सांगायचे, खायचं नसेल तर उगाच खेळ म्हणून जीव घेऊ नये. काहीतरी फरक असेल ना."

"फरक मारणाऱ्याला असेल. मी मरणाऱ्याचं विचारतेय."

"मरणाऱ्याला नाही फरक," सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या. त्या अजून उंबऱ्याच्या आतच उभ्या होत्या. "आमची काय नेहमी उपासमार नव्हती. डुकरं एका रात्रीत भात उखडून टाकायची, सांबरं नाचणी खाऊन जायची, म्हणून मारायचे. पण मारलं की जबाबदारी अंगावर यायची. टाकता यायचं नाही. हाकारे घालणाऱ्यांचा वाटा, कुत्र्यांचा वाटा, देवीचा वाटा. ज्या घरातून कुणी रानात गेलंच नाही, म्हातारी असेल, बाळंतीण असेल, तिचाही वाटा. आणि तो बंदूकवाल्यानं स्वतः जाऊन द्यायचा. दारात उभं राहून. तात्या सगळी वाडी फिरायचे, रात्र व्हायची. मग शेवटी डोकं घेऊन घरी यायचे."

"वाटे कोण करायचं?" ज्ञानदानं विचारलं.

"तो मान माळकऱ्याचा. आमच्याकडे गुरुप्रसाद म्हणून होते, गळ्यात माळ. मांसाला शिवतानासुद्धा हाताला पानं गुंडाळायचे. पण वाटे तेच करणार. जो खात नाही, तो आपल्या पानात जास्त कशाला ओढेल? त्यांच्या वाट्यांवरून कधी तंटा झाला नाही."

शलाकानं सासूबाईंकडे पाहिलं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग बिर्याणीची वाफ सुटल्याचा वास आला, म्हणून ती आत गेली, पण जाताना एकदा मागे वळून बघून.

*

शेवटचा स्क्रू निघाला. जयदीपनं फळी उचलली. भुसा खाली सांडला, आणि पोरांच्या घोळक्यातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला.

करड्या रंगाची लांब मान. गळ्याखाली झुलणारे केस. दोन डोळ्यांच्या मधून गेलेला पांढरा पट्टा. मोठे, पानासारखे कान, जणू आत्ताच काही ऐकलंय. आणि वर, आणखी वर, पीळ घेत गेलेली काळपट शिंगं, टोकाशी हस्तिदंतासारखी पांढरी.

"वल्ला," उस्मान पुटपुटला आणि दोन पावलं मागे सरला.

ज्ञानदानं आईला शब्द दिला होता, म्हणून ती डोळ्यांत बघायला वाकली. डोळे काचेचे होते. त्यांत जिन्यातला ट्यूबलाइट दिसत होता आणि तिचा स्वतःचा चेहरा. तिला वाटलं होतं, आपल्याला भीती वाटेल किंवा रडू येईल. दोन्ही झालं नाही. फार सुंदर आहे एवढंच वाटलं, आणि मग असं वाटलं की हे अपुरं आहे. एवढी मोठी मान, ती पुढे कुठेतरी जायला हवी. खांदे, पाठ, पाय. ते सगळं कुठे आहे?

"बाबा," ती म्हणाली, "बाकीचा कुठे गेला?"

जयदीपनं तो प्रश्न ऐकलाच नाही. त्याचं लक्ष आईकडे होतं. सरोजिनीबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी एक शिंग धरलं, पिळावरून बोटं वर नेली, मानेचा घेर हातांत मापला. त्यांचा चेहरा इतका उजळला की जयदीपला त्या पडवीत बसलेल्या लहान मुलीसारख्या दिसल्या.

"किती मोठा रे," त्या म्हणाल्या. "तात्यांना दाखवायला हवा होता. सांबर याच्यापुढे काहीच नाही."

"छपन्न इंच, आई."

"इंच कसले सांगतोस? मान बघ केवढी आहे. मानेवरून अंग कळतं." त्या डोळे बारीक करून हिशेब करू लागल्या. "आमची वाडी पुरी. वरची वाडी पुरी. देवळाकडची घरं. आणि तरी सुकवायला उरलं असतं. अख्ख्या गावाला जेवण होतं रे यात." मग हात खाली आला. "आणि तू मला सांगतोस, कुणी खाल्लं माहीत नाही."

जयदीपचा चेहरा पडला नाही. तो चिडला. "थांबा, विचारतो. आत्ता विचारतो."

*

फोन हॉलमध्ये होता. सगळ्यांना ऐकायचं होतं, पण डोकं बाहेर आणि फोन आत. शेवटी सगळे उंबऱ्यावर दाटीनं उभे राहिले. जयदीपनं फार्मच्या मॅनेजरला फोन लावला. तिकडे सात वाजायचे होते. मॅनेजर ओळखून खूश झाला, डोकं पोचलं का विचारलं, रंग उतरला नाही ना, जूनमध्ये येताय ना.

"एक विचारायचं होतं," जयदीप इंग्रजीत म्हणाला. "माझ्या कुडूचं मांस कुणी खाल्लं?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग मॅनेजरनं समजुतीच्या सुरात सांगितलं, काळजी करू नका, आमच्याकडे काही वाया जात नाही. शीतगृहात गेलं, तिथून शहरातल्या खाटकाकडे. पुढे कुणी विकत घेतलं ते कसं सांगणार?

"आणि माग काढणारा होता तो? ज्यानं मला दाखवला?"

"कोण, आपला माणूस? त्याला आतडी-काळीज मिळतं. ठरलेलं आहे."

जयदीपनं फोन ठेवला. त्या माणसाच्या मागे तो तीन दिवस काट्यांतून चालला होता. त्यानं खांद्याला नुसतं बोट लावून दाखवलं होतं, बघ, तिथे, झाडामागे. त्याचं नाव काय होतं? जयदीपला आठवेना. विचारलंच नव्हतं.

"खाल्लं गेलं," तो परत येऊन म्हणाला. "वाया गेलं नाही. मग झालं ना?"

"चांगलं झालं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पण तू कुणाच्या दारात गेलास?"

"आई, मग आजोबांनी तरी डोकं का लावलं पडवीत?" आता त्याचा आवाज चढला. "लहानपणी मी त्या शिंगांखाली झोपायचो. मामा सांगायचे, ही तुझ्या आजोबांनी मारलेल्या सांबराची. मला वाटायचं, मोठं झाल्यावर माझीही असतील. त्यांनी लावली तर शौर्य आणि मी लावली तर पाप?"

सरोजिनीबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

"शौर्य? अरे मेल्या, डोकं बंदूकवाल्याला द्यायचे, कारण ते कुणालाच नको असायचं. मांस कमी, कटकट जास्त. भाजा, सोला, फोडा. माझी आई वैतागायची. सगळ्यांनी घेऊन झाल्यावर जे उरेल ते बंदूकवाल्याचं. म्हणजे त्यानं स्वतःसाठी मारलं नाही हे गावाला दिसावं. शिंगं टाकवेनात, म्हणून खिळ्याला लावली. तात्या त्यावर कांबळं वाळत घालायचे."

जिन्यात आधी मुस्तफा हसला. मग विजयकुमार. मग ज्ञानदा. जयदीपनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, मग पेटीतल्या डोक्याकडे, आणि त्याच्याही ओठांची कड हलली.

"कांबळं?"

"ओलं कांबळं. पावसाळ्यात दुसरी जागा कुठे होती?"

तो पायरीवर बापाशेजारी बसला. चाळीस वर्षं उराशी धरलेली पडवी त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिच्यात आता ओल्या घोंगडीचा वास येत होता.

*

यूसुफसाहेब आठला आले ते जिन्यानं, कारण लिफ्टपाशी पोरांची गर्दी होती. पांढरा दिशदाशा, हातात खजुरांचा डबा. उंबऱ्याबाहेर पेटी, तिच्याभोवती निम्मी इमारत आणि पायरीवर बसलेला आपला इंजिनियर बघून ते थांबले.

"ये क्या, जयदीप? घर से निकाल दिया?"

भारतीय माणसांबरोबर त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांची हिंदी भरधाव असायची. मुस्तफानं त्यांना सगळी हकीकत सांगितली. वाटे, माळकरी, आडवा हात, कांबळं. यूसुफसाहेब ऐकता ऐकता दोनदा मोठ्यानं हसले. मग सरोजिनीबाईंकडे वळून अदबीनं म्हणाले, "मेरी माँ भी ऐसी ही थी. मेरे वालिद रेगिस्तान से हिरन लाते थे. पहले पड़ोसी का हिस्सा, फिर हमारा चूल्हा." मग ते जयदीपला म्हणाले, "तुम लोग मेरे पर हँसते थे न? मैंने वो मादा सबके साथ बैठ के खाई. जिसने रास्ता दिखाया, उसके घर में. उसके तीन बच्चे हैं."

"उसका नाम क्या है?" जयदीपनं विचारलं.

यूसुफसाहेब जरा खजील होऊन म्हणाले, "वो तो मैं भी भूल गया."

पुन्हा हशा पिकला, आणि त्यात यूसुफसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग त्यांनी खजुरांचा डबा पेटीच्या कडेवर ठेवला.

"हाँ, तो बेटी. शनिवार को मैं बुकिंग करता हूँ. तुम आ रही हो या नहीं?"

वरचं आंध्राचं कुटुंब कठड्यावरून आणखी खाली वाकलं. शलाका दारात आली होती. तिनं शब्द दिला होता, आड येणार नाही म्हणून. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

ज्ञानदाच्या छातीत धडधडत होतं. क्लबमध्ये शेवटच्या गोळीआधी धडधडतं तसं. ती एकदा कुडूकडे बघून आजीकडे वळली, मग म्हणाली, "आय वाँट टू कम. पण आधी कळायला हवं, त्या फार्मवर घरं किती आहेत. कुणाचं काय नाव. कुणाच्या घरी म्हातारी आहे, बाळ आहे. ते कळल्यावर मी ठरवीन, शूट करायचं की नाही. केलं तर बिनशिंगाची. आणि खाटकाकडे द्यायचं नाही. मी दारात जाऊन देणार."

"आणि नाही केलं तर?" विजयकुमारांनी विचारलं.

"तर नुसती घरं बघून येईन."

"ते तुझ्या बापानं अजून केलेलं नाही," विजयकुमार म्हणाले.

जयदीपनं मान हलवली. "मीही तेच करणार. माझ्या कुडूचे वाटे राहिलेत. तिथलंच मांस विकत घेईन आणि दारोदार देईन. चालेल, आई?"

सरोजिनीबाई म्हणाल्या, "विकतचा वाटा म्हणजे खरा वाटा नव्हे. पण तोंड दाखवशील, नाव विचारशील. चालेल."

"पण वाटे कोण करणार?" ज्ञानदानं विचारलं. "माळकरी लागतो ना? बाबांनी केले तर स्वतःला जास्त ठेवतील."

"मी कधी..." जयदीप म्हणू लागला.

"मी करीन."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शलाका उंबऱ्याच्या बाहेर आली होती. हाताला अजून कणीक होती.

"मी करीन वाटे," ती पुन्हा म्हणाली. "मला हे पटलेलं नाही. मारणं मला कधीच पटणार नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. मी खाणार नाही. पण पोरगी जाणार असेल तर वाटे माझ्या हातचे होतील. कुणालाही कमी-जास्त जाणार नाही. आणि रायफल उचलायच्या आधी तिनं मला एकदा विचारायचं, खरंच हवंय का म्हणून. विचारलं नाही तर मी तिथेच उभी असणार."

यूसुफसाहेबांना मुस्तफानं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी हात छातीवर ठेवला. "तो पूरी फ़ैमिली. लिख लिया."

सरोजिनीबाईंनी सुनेचा कणकेचा हात आपल्या हातात घेतला. शलाकाला ठाऊक होतं, या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिच्या न खाण्याचा कुणाला उपयोग होईल असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

*

बिर्याणी उघडली तेव्हा वाढणी आपोआप जिन्यातच झाली. पेटी दारात, मग आत कोण जाणार? ताटं वर गेली, खाली गेली. बिल्कीस दही घेऊन आली. उस्मानला शलाकानं सगळ्यांत आधी वाढलं आणि नंतर पुन्हा वाढलं.

जेवून झाल्यावर त्यानं हात पुसले आणि व्यवहाराचं विचारलं. जिन्यात हे ठेवता येणार नाही, आग लागली तर माणसं उतरणार कशी? तेव्हा मुस्तफा म्हणाला, जवळच फिंतासला त्याचं टाइल्सचं गोदाम आहे, जूनपर्यंत तिथे राहू दे. गोदामाला उंबरा नाही, काकींना विचारून घ्या. काकींनी हसून परवानगी दिली.

फळी परत बसवायला ज्ञानदा वाकली. आजोबांनी खिशात जपलेले स्क्रू एकेक करून तिनं परत घेतले. शेवटचा बसवण्याआधी तिनं फटीतून आत बघितलं आणि काहीतरी पुटपुटली. कुणाला ऐकू आलं नाही.

पुन्हा पाचजणांनी पेटी उचलली. जिन्यात वजन खालच्या टोकाला जास्त येतं, म्हणून या वेळी जयदीप खाली गेला आणि उस्मान वर. दुसऱ्या मजल्यावर टेकले, तेव्हा तिथल्या दारातून एक नवा भाडेकरू डोकावला. फिलिपिन्सचा कुणीतरी, आजच राहायला आलेला. त्यानं इंग्रजीत विचारलं, काय आहे त्यात.

"कुडू," जयदीप म्हणाला.

"मोठा आहे?"

मुस्तफानं वरून डोळे मिटले. आता छपन्न इंच ऐकायची त्याची तयारी होती.

जयदीपनं पेटीला खांदा लावला. "एका गावाला जेवण होईल एवढा," तो म्हणाला. "यल्ला, उचला."